ताशी अठ्ठावीस सेंटिमीटर

आमच्या रविवारच्या गप्पांत जपान, इंग्लंड, नेपाळ आणि आष्टी एवढे देश असतात. (आष्टी देश नाही, ठाऊक आहे. पण जिल्हा बीड आणि बाजारहाट नगरला, अशा तालुक्याला थोडी स्वायत्तता घ्यावीच लागते.) पुण्यात एका कंपनीत आम्ही चौघं एकत्र होतो, नंतर जो तो आपापल्या गावी गेला.

भेटीची वेळ ठरवणं हाच मोठा कार्यक्रम. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास, हे जमतं. काठमांडू पंधरा मिनिटं पुढे, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. बिचारा आधी येऊन बसतो आणि रुसतो.

मँचेस्टरवाल्यानं एकदा नकाशावर आष्टी शोधली, तर त्याला वर्ध्याची सापडली. म्हटलं, ती १९४२ च्या शहिदांची. मग त्यानं मोहोळ तालुक्यातली काढली. तिथे १८१८ मध्ये इंग्रजांशी लढताना बापू गोखले पडले. दोन्हीकडे समोर आपलीच माणसं, हे कळल्यावर गडी ओशाळला. हळूच विचारतो, "तुमच्या आष्टीत आम्ही काय केलं?" म्हटलं, "काही नाही रे बाबा. आमच्याकडे निजाम होता."

माफी मागायची त्याला सवयच आहे. आमची दुपार, त्याची सकाळ. हातात चहा आणि मागे भिजलेली खिडकी. "सॉरी, आजही पाऊस." आई भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "माफी कशाला मागतोय? त्याला म्हणावं, इकडं मेहेकरी धरणात सोड." मग पिठाच्या हातानंच पडद्यापुढे येऊन तिनं तिघांनाही जेवला का म्हणून विचारलं. टोकियोत चार वाजले होते. तिथला मित्र घाबरून दोनदा "हो" म्हणाला.

खरी मजा रेल्वेवरून झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्याकडची त्सुकुबा एक्सप्रेस वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली, म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली, हे त्यानं मान खाली घालून सांगितलं. मग मीही आमचं सांगितलं. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर, त्यातले नगर ते आष्टी ६६ किलोमीटर, गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. त्यानं कॅल्क्युलेटर काढला आणि गंभीरपणे म्हणाला, "ताशी अठ्ठावीस सेंटिमीटर. मग माफी कुणी मागितली?"

"माफी कसली? आम्ही लेकराबाळांना घेऊन गाडी बघायला गेलो."

हे त्याला झेपेना. नेपाळवाल्याला मात्र झेपलं. जनकपूरची त्यांची गाडीही २०२२ मध्येच नव्यानं सुरू झाली, तीही एप्रिलमध्ये, असं तो छाती काढून म्हणाला. तिथेही तो आमच्या पुढे!

परवा मी ऐटीत सांगितलं, १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत पोहोचली. टोकियोवाला पुन्हा कॅल्क्युलेटर शोधू लागला.

म्हटलं, "थांब, परळी बाकी आहे."