तासिकेवरचे सर

टाकवे बुद्रुकचे सर सकाळी दुचाकीवरून कॉलेजला निघतात, तेव्हा इंद्रायणीच्या पुलावरच त्यांची पहिली हजेरी घेऊन होते. पुढे ट्रिपल सीट चाललेल्यांतला तोंडाला रुमाल बांधलेला कोण, हे ते सॅकवरून ओळखतात. तास सुरू झाल्यावर तोच दारात उभा राहतो. "सर, पुलावर कंटेनर अडकला होता." सर त्याच कंटेनरच्या मागे होते. पण ते नुसतं "बस" म्हणतात.

आंदर मावळातली पोरं कान्हे फाट्यावरून बाहेर पडून तालुक्यातल्या ज्या कॉलेजांत जातात, तिथे असे एक सर हमखास असतात. नेट झालेले, सेट झालेले, फक्त कायम न झालेले. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं, आणि ते कधी येईल ते विचारायचं नाही.

वर्गात दंगा करणाऱ्याला सरळ बाहेर काढावं, हा सल्ला कायम प्राध्यापकांसाठी आहे. सरांनी मागची तीन बाकं बाहेर काढली तर उरतात पहिल्या बाकावरच्या चार मुली आणि एक पंखा. पट घटला की कार्यभार घटतो, आणि कार्यभार घटला की पहिली विकेट तासिकेवाल्याची. त्यामुळे ७५ टक्के हजेरीचा नियम सर सत्राच्या सुरुवातीला फळ्यावर ठळक लिहितात आणि सत्र संपताना स्वतःच पुसतात. अंतर्गत ३० गुणांची भीती घालून पाहिली. पण निकाल पडला तर जाब कुणाला विचारतात, हे पोरांनाही ठाऊक आहे.

मग उरतो सरांचा स्वतःचा मार्ग.

सर फळ्याकडे वळले की मागून हाळी येते, "भिर्रर्रर्र!" हा बैलगाडा शर्यतीच्या घाटावरचा आवाज. चैत्रात वडगावच्या पोटोबाची यात्रा जवळ आली की तो जास्तच येतो. नवखा प्राध्यापक अशा वेळी "कोण आहे तो?" म्हणून ओरडतो आणि तिथेच हरतो. सर खडू खाली ठेवून शांतपणे विचारतात, "बारी किती सेकंदांत बसली?"

वर्ग हसतो. "आणि जुकाटाला कोण होतं? धुरीला तर मीच आहे, गाडा मलाच ओढायचाय." मग नेमक्या पोराकडे बोट जातं. "ऊठ. २०१४ ला शर्यती कुणी बंद केल्या?"

"पेटानं, सर."

"पेटा कोर्टात गेली. बंदी सुप्रीम कोर्टानं घातली. चालू कशा झाल्या?"

पोरगा एका नेत्याचं नाव घेतो, शेजारचा दुसऱ्याचं. "फ्लेक्सवरचं नको, पुस्तकातलं सांग!" आणि तिथून तास सुटतो. प्राण्यांच्या छळाचा विषय समवर्ती सूचीत का आहे, १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यानं २०१७ साली दुरुस्ती कशी केली, राष्ट्रपतींची संमती आणि कलम २५४, डिसेंबर २०२१ ची परवानगी, मे २०२३ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल. भिर्रर्र म्हणणारा शेवटी वहीचं पान मागतो. पेन पहिल्या बाकावरून येतं.

सगळाच दंगा इतका अभ्यासक्रमाला धरून नसतो. मोबाइलपुढे सरांनी हात टेकलेत. 'गाडा मलाच ओढायचाय' याची कुणीतरी रील केली, खाली घाटावरचं गाणं लावलं. तिला सरांच्या यूट्यूबवरच्या संघराज्याच्या व्याख्यानापेक्षा जास्त लोकांनी पाहिलं. सरांनी ती जप्त करण्याची धमकी दिली आणि घरी बायकोला दाखवली.

त्यांचं खरं शस्त्र नात्यागोत्यात आहे. निम्मी पोरं वर्गात 'सर' म्हणतात आणि गावात 'मामा'. "दाजींना फोन लावू का?" एवढ्यावर कितीतरी बंडं जागीच मोडली आहेत. आणि फारच मनाला लागलं तर सर १९१६ चं कलकत्ता आठवतात. प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक ओटन यांना विद्यार्थ्यांनी मारहाण केली आणि त्या प्रकरणात सुभाषचंद्र बोस कॉलेजातून काढले गेले. तेव्हा मागच्या बाकावर कोण बसलंय सांगता येत नाही, असं सर स्टाफरूममध्ये म्हणतात. कायम प्राध्यापक चहा पीत म्हणतात, "आपल्याकडे तसलं कोणी नाही."

यात्रेच्या दिवशी वर्ग रिकामा असतो. सरही मग घाटावर जातात. माइकवरून पुकारा होतो, "प्राध्यापक साहेबांचं घाटावर सहर्ष स्वागत!" फेटा बांधून घेत सर आजूबाजूला नजर टाकतात. वर्षभरात झाली नव्हती एवढी हजेरी तिथे भरलेली असते. खिशातलं पेन काढावं की नाही, यावर ते बराच वेळ विचार करतात. तेवढ्यात कुणाचा तरी बैल आडवा पळतो आणि सगळ्यांच्या आधी सरच ओरडतात.