साडेब्याऐंशी अंश

मिर्झापूरला काय आहे, असं सातवीत मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं, "८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्त." तिथे माणसं राहतात, भाजीसाठी घासाघीस करतात, हे कधी मनातच आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर गावाच्या मधोमध चुन्याने आखलेली जाड रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोक आपापली घड्याळं लावत उभे होते. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, रेखावृत्तं काल्पनिक असतात." चाचणीत ती काल्पनिक रेघ मी चुकीच्या जागी काढली. कापलेले गुण मात्र अगदी खरे होते.

भूगोलानंतर गणिताचा तास असे. घंटा झाली की मिर्झापूर दप्तरात जायचं आणि त्रैराशिक बाहेर यायचं. पाच मजूर बारा दिवसांत भिंत बांधतात, तर... वगैरे. दोन्ही पुस्तकं वर्षभर दप्तरात एकमेकांना खेटून राहिली, पण नळावर भांडलेल्या बिऱ्हाडांसारखी एकमेकांशी अवाक्षर बोलली नाहीत.

त्यांचा समेट परवा नाताळच्या दिवशी माझ्या लेकीने घडवून आणला.

"बाबा, दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो ना? म्हणजे सावली तेव्हाच सगळ्यात लहान?"

"अर्थात!" मी म्हणालो. बापाने इतक्या जोरात 'अर्थात' म्हणू नये.

आम्ही गच्चीवर बादलीत वाळू भरून झाडूची काठी उभी केली. शेजारी आई आवळासुपारीचं ताट राखत बसली होती. बाराला लेकीने सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली. पाच मिनिटांनी पाहिलं, तर सावली आणखी आखडलेली. सव्वाबाराला आणखी. मी मोबाइल झटकून पाहिला. साडेबारा झाले. पावणेएकच्या जरा अलीकडे टोक एकदाचं थबकलं आणि मग सावली पुन्हा लांबायला लागली.

"आणि डोक्यावर कुठाय? सावली तर जवळजवळ काठीएवढी आहे!"

डोंबिवलीत सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैत. डिसेंबरात तो दक्षिणेकडून खाली मान घालून निघून जातो. हे मला तेव्हा आठवलं नाही, म्हणून मी नुसती मान डोलावली.

लेकीने गच्चीच्या फरशीवरच गणित मांडलं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. ज्याच्या वेळेवर सगळ्या देशाची घड्याळं चालतात ते मिर्झापूर ८२.५ अंशांवर, डोंबिवली ७३.१ वर. फरक ९.४. त्याला चाराने गुणलं की जवळपास ३८ मिनिटं! म्हणजे आमच्या गच्चीवरचे खरे बारा घड्याळात बारा अडतीसला वाजतात. मजुरांच्या जागी अंश घातले आणि माझं जुनं त्रैराशिक पहिल्यांदा उन्हात आलं.

"एवढंच ना?" आई म्हणाली. "त्या टाकीची सावली पावणेएकपर्यंत आखडते, मग पलीकडे पसरते. तीस वर्षं ताटं सरकवतेय मी." आणि सावली यायच्या आत तिने ताट वीतभर सरकवलंसुद्धा.

हा हिशोब जुन्या मुंबईकरांनाही पक्का ठाऊक होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ३९ मिनिटं मागे चालणारी 'मुंबई वेळ' शहराने थेट १९५५ पर्यंत पुरती सोडली नव्हती. मला या पूर्वजांविषयी एकदम आपुलकी वाटली. घड्याळामागे राहण्याला आमच्या घरात आजवर आळस म्हणत. आता त्याला भूगोल म्हणता येणार होतं.

संधी संध्याकाळीच आली. मेथी घेऊन सहाला येतो म्हणालो होतो, घरी पोचलो सातला.

"आपल्या रेखावृत्तानुसार," मी चपला काढतानाच सुरुवात केली, "३८ मिनिटं उशीर हा उशीरच नव्हे."

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. "बरं. आणि उरलेली बावीस?"

मी मनातल्या मनात बावीसला चाराने भागलं. साडेपाच अंश. डोंबिवलीपासून सरळ पश्चिमेला साडेपाच अंश गेलं, की भर अरबी समुद्र लागतो.

मी गुपचूप मेथी निवडायला बसलो.