रा. रा. 'काही होत नाही' यांस खुले पत्र



परवा सेलूहून पाथरीला जाताना आपली भेट झाली. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मधल्या सीटवर आम्ही तिघे होतो. चौथा आला. ड्रायव्हर म्हणाला, "सरका मामा जरासं, काई होत नाही." मग पाचवा आला. पुढच्या सीटवर एक जण ड्रायव्हरच्याही उजवीकडं बसवला होता, त्यामुळं ड्रायव्हर निम्मा गाडीत आणि निम्मा परभणी जिल्ह्यात. गिअर एका पोराच्या दोन गुडघ्यांमधून पडायचा. पोरगं शहाणं होतं, ड्रायव्हरचा हात आला की आपणहून पाय फाकवायचं.

म्हटलं, एवढा मोठा माणूस शेजारी दाटीवाटीनं बसलाय, ओळख द्यावी.

आम्हा सेलूकरांना समुद्र कुठला? दुधनेला पाणी आलं तरी अख्खं गाव पुलावर बघायला जातं. (आपण तिथंही असता, पुलावरून पाणी वाहताना मोटारसायकल घालणाऱ्याच्या मागं.) पण आपली खरी कर्तबगारी खाऱ्या पाण्यातली. 14 एप्रिल 1912 ला आपण 'टायटॅनिक'वर होता, सुटाबुटात. दिवसभर बर्फाच्या सूचना येत होत्या, तरी बोट ताशी 22 सागरी मैलांच्या आसपास पळतच होती. माणसं 2200 च्या वर, आणि होड्यांत जागा 1178 जणांची. त्यातही कायदा मोडला नव्हता बरं का! नियम 10 हजार टनांवरच्या बोटींसाठी केलेला, ही होती 46 हजारांची, आणि कागदावर लागत होत्या त्यापेक्षा चार होड्या जास्तच होत्या. कागद इतका चोख ठेवून 1500 माणसं बुडवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. नाव मात्र हिमनगाचं झालं. बिचारा जागचा हललाही नसेल फारसा.

एक चूक तेवढी आपल्या हातून राहिली. त्या बोटीवर बिनतारी यंत्र होतं. त्यानं हाक मारली, 'कार्पेथिया' धावून आली आणि 700 वर माणसं वाचली. ती चूक आपण 35 वर्षांनी मुंबईत भाऊच्या धक्क्यावर दुरुस्त केलीत.

17 जुलै 1947, गुरुवार. गटारी अमावास्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' बोट रेवसला निघाली. जेमतेम अर्धा तास झाला असेल, काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट एका अंगाला झुकवली, भेदरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट कलंडली. 600 वर माणसं गेली. त्यांतली कितीतरी सणाला घरी निघालेली. आजही कोणी म्हणतं लाट, कोणी म्हणतं अमावास्या. अहो, आषाढात लाट उठणार नाही तर काय चैत्रात उठेल? आणि अमावास्या पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते.

बिनतारी यंत्र 'रामदास'वर नव्हतं. एवढ्याशा पल्ल्याला कशाला हवं, काही होत नाही! हाकेच्या अंतरावर गोदी, बंदर, एवढी मोठी मुंबई, आणि बोट बुडाल्याची बातमी तिथं पोचायला दुपार उलटली. तोवर पाण्यातली माणसं काढली ती मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी. त्याआधी 20 वर्षं, 1927 साली, कोकणच्या वाटेवर 'जयंती' आणि 'तुकाराम' बुडाल्या होत्या. पण बोटीला संताचं नाव दिलं की पुढचं संतानं बघायचं, ही आपलीच शिकवण ना?

एक मात्र कबूल करायला हवं. आपल्या नावाचा एफआयआर कुठल्याच ठाण्यात नाही. चौकशी बसते, अहवाल येतो, त्यात कप्तान असतो, हवामान असतं, आपण नसता. तोवर आपण पुढच्या गाडीत बसून 'चला, एकच सीट' ओरडायला लागलेले असता.

परवा वाटेत मागचं दार दोनदा उघडलं. मागच्या माणसानं ते पंच्याच्या टोकानं बांधून धरलं होतं. पाथरी जवळ आल्यावर एका म्हातारीनं हात केला. गाडी थांबली. ड्रायव्हर यावेळी काही बोललाच नाही. मीच सरकलो आणि म्हणालो, "या आजी, बसा. काही होत नाही."

आपला,
मधल्या सीटवरचा तिसरा