एमटेक (कॉम्प्युटर) कसे करावे : होतकरूंसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

सर्वप्रथम गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी. वेळ ३ तास, प्रश्न ६५, गुण १००. बहुपर्यायी प्रश्नात एकच बरोबर पर्याय असतो आणि तो चुकला, तर प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. पण जिथे उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा असतो, तिथे चुकण्यास पूर्ण मुभा आहे. उमेदवाराने या मुभेचा मनसोक्त लाभ घ्यावा, पुढे संशोधनात ही सवय कामी येते. गेटचा स्कोअर ३ वर्षे चालतो, त्यामुळे घरच्यांना धीर देण्याचे काम एका निकालावर बराच काळ भागते.

निकालानंतर कोॲप नावाचे पोर्टल उघडते. आयआयटीच्या जागांचे प्रस्ताव इथे फेरीफेरीने येतात. प्रत्येक प्रस्तावाला पक्का होकार देता येतो, नकार देऊन थांबता येते, किंवा प्रस्ताव हाती ठेवून पुढच्याची वाट पाहता येते. ज्या कोणी हा तिसरा पर्याय सुचवला, त्याने कांदेपोह्यांचे कार्यक्रम जवळून पाहिलेले असावेत. स्थळ हातचे जाऊ द्यायचे नाही आणि सुपारीही फोडायची नाही.

प्रवेश पक्का झाल्यावर एखादे काका विचारतात, "इंजिनिअर झालास ना रे? मग परत कॉलेज कशाला? विषय राहिलेत का?" यावर तपशिलात शिरू नये. "सरकार पैसे देतंय काका," एवढेच सांगावे. हे खरेही आहे. गेटवाल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. हिंजवडीतल्या वर्गमित्राचा तेवढा इन्कम टॅक्स कापला जातो, ही माहिती काकांना देऊ नये.

या रकमेच्या बदल्यात आठवड्याला ८ तास टीएशिप करायची असते, म्हणजे बीटेकच्या मुलांच्या असाइनमेंटा तपासायच्या. हा भाग उमेदवार हमखास कंटाळून करतो. आमच्या मते पदवीतला सर्वांत भरीव अभ्यास इथेच होतो, आणि हे आम्ही विनोदाने म्हणत नाही. पॉइंटर कुठे घसरतो हे पुस्तकात वाचून कळत नाही. वर्गभर मुलांचे पॉइंटर वर्गभर ठिकाणी घसरलेले पाहिले की कळते.

कॉपी पकडण्यासाठी मॉस हे स्टॅनफर्डहून चालणारे साधन वापरावे. व्हेरिएबलची नावे बदलून त्याला फसवता येत नाही, कारण ते नावांकडे बघतच नाही, कोडची ठेवण ताडून पाहते. तरी मुले रात्रभर जागून नावे बदलतात. पहिल्याने 'काउंट' ठेवले की दुसरा 'माय काउंट' करतो, तिसरा त्यापुढे स्वतःचे आडनाव जोडतो. मात्र एरर मेसेजमध्ये 'रिसीव्ह'मधले ई आणि आय उलटे पडलेले असतात, ते तिघांकडेही तसेच असतात. अशा वेळी कठोर चेहरा करून तिघांना बोलवावे. ते आपसांत बघतात, मग जमिनीकडे. चेहरा सांभाळणे हेच टीएचे खरे काम.

आता प्रबंध. गाईड निवडताना विषयापेक्षा सर्व्हर बघावा. लॅबमध्ये जीपीयूची दोन कार्डे असतात. त्यातल्या एकावर पीएचडीच्या दादाचा टेन्सरफ्लो लायब्ररीत लिहिलेला प्रोग्रॅम असतो आणि दादा गणपतीला गावी गेलेला असतो. टेन्सरफ्लोची मूळ रीत अशी, की सुरू होताच दिसेल त्या प्रत्येक कार्डाची जवळजवळ सगळी मेमरी आपल्या नावे करून घ्यायची, लागो वा न लागो. स्क्रीनवर दिसते : मेमरी भरलेली, वापर शून्य टक्के. दुसऱ्याचा प्रोग्रॅम बंद करण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तेव्हा दादाला फोन लावावा, आधी बाप्पाची चौकशी करावी, आरती संपेपर्यंत थांबावे आणि मग "दादा, तेवढं किल करता का?" असे नम्रपणे विचारावे. गावात रेंज नसल्यास त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये 'संदर्भवाचन चालू आहे' असे सांगावे.

दुसऱ्या वर्षी जुलै ते डिसेंबर प्रबंधाचा पहिला टप्पा असतो. आयआयटीत १ डिसेंबरला प्लेसमेंट सुरू होते, हा निव्वळ योगायोग समजावा. या काळात संशोधनाची विंडो उघडी ठेवून मागे लीटकोडवरचे मुलाखतीचे प्रश्न सोडवावेत. मुलाखतीत लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगतात. बीटेकच्या दुसऱ्या वर्षी जी उलटी केली होती, तीच. ती आता पदव्युत्तर गांभीर्याने करावी. देशाला संशोधक हवेत म्हणून विद्यावेतन आणि कंपन्यांना कोडर हवेत म्हणून डिसेंबर, अशा दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहण्याचेच हे प्रशिक्षण आहे. त्यात बहुतेक जण उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात.

ऑफर हाती आली की जानेवारीत प्रबंध लिहायला बसावे. तो लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतच लिहावा, कारण आकृती आपल्याला हवी त्या पानावर कधीच पडत नाही आणि ती हलवण्यात मार्च निघतो. उशिराबद्दल गाईड रागावलेच तर डोनाल्ड कनुथांचा दाखला द्यावा. आपल्या पुस्तकाची जुळणी मनासारखी होईना म्हणून त्यांनी १९७७ साली, लाटेक ज्यावर उभे आहे ते टेक लिहायला घेतले. लवकर आटपेल असे वाटलेले ते काम दहा-एक वर्षे चालले. कनुथांना त्याआधीच ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता, हा तपशील गाईडना ठाऊक असतो. आपण काढू नये.

जे जमले नाही ते सर्व 'फ्युचर वर्क' या शेवटच्या प्रकरणात घालावे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तेच आवडीने वाचतात, आणि पुढच्या जुलैत गाईड तेच एका नव्या विद्यार्थ्याला विषय म्हणून देतात.

शेवटी नो-ड्यूजचा फॉर्म घेऊन लायब्ररी, मेस, होस्टेल आणि लॅब असे सह्यांसाठी फिरावे. लॅबची सही सर्वांत शेवटी घ्यावी. ती झाली की सर्व्हरवरचे खाते बंद होते. त्याआधी कोड आणि डेटा पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, कारण त्या नव्या विद्यार्थ्याचा फोन येतोच आणि तो नेमका तुमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये येतो.