एकोणीस लेकरं आणि एक आमेन

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नाताळात घरोघरी वाचला जातो. मेंढपाळ आनंदाने परतले की बहुतेक ठिकाणी पुस्तक मिटतं. अध्याय मात्र पुढे चालूच असतो आणि खरी धमाल तिथे आहे. बारा वर्षांचा येशू वल्हांडणासाठी आईबापांबरोबर यरुशलेमला गेला. परतीच्या वाटेवर पोरगं बरोबर नाही, हे योसेफ आणि मरिया यांच्या ध्यानात आलं ते पुरी एका दिवसाची मजल मारल्यावर! ‘मला वाटलं तुझ्याबरोबर आहे’ हा संवाद लूकने लिहिलेला नाही, पण जत्रेत किंवा दादर स्टेशनवर ज्यांचं मूल नजरेआड झालंय त्यांना तो लिहून द्यावाही लागत नाही. तीन दिवसांनी चिरंजीव सापडले मंदिरात, गुरुजनांच्या घोळक्यात, प्रश्न विचारताना. आईने जाब विचारला, तर त्यानेच उलट विचारलं की मला शोधत का फिरलात? बारा वर्षांची मुलं तेव्हाही अशीच बोलत.

मातृदिनाच्या उपासनेत मात्र या प्रसंगाला सहसा कोणी हात लावत नाही. तिथे हमखास नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय निघतो. त्यातली सद्गुणी स्त्री अंधार असतानाच उठते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते, रात्री तिचा दिवा मालवत नाही. या सगळ्या धबडग्यात तिचा नवरा वेशीवर वडीलधाऱ्यांत बसलेला असतो. समोरच्या बाकांवरच्या बायका हे ऐकत असतात आणि मनात म्हणत असतात, बाई गं, तुझ्याकडे दासी होत्या ते पाळकांनी पटकन वाचलं.

कारण रविवारची सकाळ नगरला असो की नाशिकला, तिचा नमुना ठरलेला. धाकट्याचा एक बूट मिळत नाही. थोरलीला संडे स्कूलचं पाठांतर रिक्षात बसल्यावर आठवतं. दुपारी जेवणाआधीच्या प्रार्थनेत आजोबा आजाऱ्यांपासून सुरुवात करून सरकार, शेतकरी, सीमेवरचे जवान असे रीतसर पुढे सरकतात आणि धाकटा एक डोळा किलकिला करून मटणाच्या पातेल्यातली नळी आपल्याकडून किती अंतरावर आहे याचा अंदाज घेतो. आमेन म्हणण्यात त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. गोव्यात संध्याकाळी घरोघर तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, व्हायचा, तिथेही एका नमो मरियाच्या आणि दुसऱ्याच्या मधल्या श्वासात आई गॅस बंद करायला सांगायचीच. यात भक्ती कमी पडते असं मानणाऱ्याने घरात कधी प्रार्थना केलेली नसावी.

घरच्या धबडग्यात प्रार्थना करणाऱ्यांच्या या शाळेतली सगळ्यांत वरच्या वर्गातली बाई म्हणजे सुझॅना वेस्ली. जन्म लंडनचा, 1669 सालचा, आणि बापाचं हे पंचविसावं अपत्य. लिंकनशरमधल्या एपवर्थ गावच्या धर्मगुरूची, सॅम्युएल वेस्लीची, ती बायको. तिला एकोणीस मुलं झाली. त्यातली निम्मी बालपणीच गेली, हे सांगितल्याशिवाय तिच्या गमती सांगू नयेत. सॅम्युएल विद्वान आणि कवी. येशूचं चरित्र त्याने पद्यात लिहिलं, ते 1693 साली छापून आलं. हिशेब मात्र त्याला कधी जमला नाही. 1705 मध्ये कर्जापायी तो लिंकनच्या तुरुंगात गेला, तेव्हा बायकोने आपल्या अंगठ्या सोडवणुकीसाठी पाठवल्या आणि त्याने त्या परत केल्या. पुढे त्याने आयुष्याची बरीच वर्षं ईयोबाच्या पुस्तकावर लॅटिनमध्ये भाष्य लिहिण्यात घालवली. ईयोबाच्या सोशिकतेवर नवरा लिहीत होता. तिचं प्रात्यक्षिक स्वयंपाकघरात चाललं होतं.

तिचे धडे कडक होते. मूल पाच वर्षांचं झालं की एका दिवसात अक्षरओळख, आणि लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय. मॉली आणि नॅन्सी या दोघींना दीड दिवस लागला, तर आईने त्यांना मठ्ठ ठरवलं! एक वर्षाच्या मुलाने रडायचं तर हळू रडायचं, हाही तिचाच नियम. त्यामागे छडीची भीती होती, तेव्हा तो कोणी उचलू नये. पण एकच गोष्ट पोराला वीस वेळा कशाला सांगतेस, असं नवऱ्याने वैतागून विचारलं, तेव्हा ती म्हणाली की एकोणीस वेळांवर थांबले असते तर सगळी मेहनत फुकट गेली असती. हा हिशेब महाराष्ट्रातल्या कोणत्याही आईला तोंडपाठ आहे. आणि सांगतात की प्रार्थनेला कोपरा मिळेना, तेव्हा ती एप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची. तो तंबू दिसला की मुलांनी आईला हाक मारायची नाही.

नवरा-बायकोतलं भांडण तर थेट राजकारणावरून. सॅम्युएल रोज राजा विल्यमसाठी प्रार्थना करायचा. बाईसाहेबांच्या मते तो राजा गादीचा खरा हक्कदारच नव्हता, म्हणून त्या आमेन म्हणत नव्हत्या. हे नवऱ्याच्या लक्षात आलं आणि त्याने जाहीर केलं की राजे दोन तर बिछानेही दोन. तो लंडनला निघून गेला. ती बधली नाही. 1702 मध्ये राजा घोड्यावरून पडून वारला, राणी अ‍ॅन गादीवर आली, ती दोघांनाही मान्य होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये या घरात मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली जन्मला. जगभरच्या मेथडिस्ट मंडळ्या, मुंबईचं बोवन मेमोरियल चर्च धरून, त्या न म्हटलेल्या आमेनच्या मागोमाग आल्या, असं म्हणायला हरकत नाही.

खरी मौज 1712 च्या हिवाळ्यातली. सॅम्युएल धर्मसभेसाठी लंडनला होता. मुलीला त्याच्या खोलीत एक पुस्तक सापडलं, तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत काम करणाऱ्या डॅनिश मिशनऱ्यांचं. ते ऐकून सुझॅनाला चेव आला. तिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एकेक संध्याकाळ राखून ठेवली. जॉनला गुरुवार मिळाला. रविवारी संध्याकाळी मुलांना आणि नोकरांना गोळा करून ती स्वयंपाकघरात प्रवचन वाचू लागली. नोकरांचे आईबाप आले, मग शेजारी आले, आणि गर्दी दोनशेच्या वर गेली. चर्चमध्ये बदलीवर असलेल्या धर्मगुरूच्या उपासनेला एवढे लोक नव्हते. त्याने सॅम्युएलकडे तक्रार केली. सॅम्युएलने पत्र पाठवलं की बाईमाणसाला हे शोभत नाही. उत्तरात तिने एवढंच कळवलं की नुसती इच्छा कळवू नका. स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे न्यायाच्या दिवशी या कर्तव्यात कसूर झाल्याचा जाब मला द्यावा लागणार नाही. सॅम्युएलने तो विषय पुन्हा काढला नाही.

मराठीत असलं घर शोधायला लांब जायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकही कवी, येशूचं चरित्र त्यांनीही पद्यात मांडायला घेतलं आणि पैसा त्यांच्याही हातात टिकत नसे. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या घरी सोवळं इतकं, की मीठसुद्धा धुऊन घेत. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि परत आल्यावरही लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना कुणाच्या प्रवचनातून पटलं नाही. आपल्याच चुलीपाशी, आपल्याच डोक्याने विचार करून पटलं. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी पुढे दुष्काळात पोरकी झालेली लेकरं, जात न विचारता, आपल्या घरात वाढवू लागली. आणि हे सगळं ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिताना नवऱ्याच्या रागाला, स्वतःच्या हट्टाला किंवा देवाशी झालेल्या वादाला त्यांनी कुठेही मुलामा दिला नाही.

तेव्हा महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत सोशिकतेवर आणखी एक भाषण ठेवण्याऐवजी ‘स्मृतिचित्रे’तली चार पानं मोठ्याने वाचावीत. बायका हसतील, मध्येच आपल्या घरचं सांगू लागतील, आणि बैठक वेळेवर संपणार नाही. पाळकांनी तेवढं चालवून घ्यावं.