काचघराला टोपी

सूर्य कधीमधी आलाच, तर त्याला बसायला जागा असावी म्हणून इंग्रज माणूस घरामागे काचेची खोली बांधतो. इथे तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला, 1851 मध्ये जोसेफ पॅक्स्टनने हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभा केला, आणि हे वेड झिरपत झिरपत स्लाऊमधल्या आमच्या परसात पोचलं. आमचं छप्पर मात्र काचेचं नव्हतं; 25 मिलिमीटर जाडीचं, पोकळ पॉलीकार्बोनेट. जुलैत आत बसलेला माणूस उकडून निघे, जानेवारीत त्याच खुर्चीत काकडे. पाऊस आला की बोलणं हातवाऱ्यांवर. सासऱ्यांना तेवढी तिथेच गाढ झोप लागे. त्यांची मास्तरकी कणकवलीला पत्र्याच्या वर्गात गेली होती.

या खोलीचं खरं मोल सासूबाईंनी जाणलं. "एवढं ऊन, आणि तुम्ही सायकली ठेवता, जावईबापू?" सायकली बाहेर गेल्या, जुनं पातळ पसरलं गेलं, आणि आंबलेल्या गव्हाच्या चिकाचा वास घरभर सुटला. कुरडयांची पांढरी जाळीदार चक्रं, शेजारी मसाला भरलेल्या सांडग्या मिरच्या. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, पास्ता का? त्यांना एक तळून दिली. दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी विनाकारण उभे होते.

पण हिवाळ्यात हीटरचं बिल आलं आणि बायकोने पक्कं छप्पर घालायचं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात, सासूसासरे पुन्हा आलेले असताना, विक्रेता आला. यू-व्हॅल्यू म्हणजे छपरातून उष्णता किती निसटते त्याचं माप, जुन्याचं 1.6 च्या आसपास, नव्याचं 0.15. आकडा जितका खाली, तितकं उत्तम. "आमच्या शाळेत उलटं होतं," सासरे म्हणाले. आजच सही केली तर खास सूट होती. चहा संपेपर्यंत किंमत दोनदा उतरली. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याला अजून एक कप दे गं."

इथल्या कायद्याची गंमत अशी, की 30 चौरस मीटरच्या आतली, घरापासून दाराने वेगळी केलेली काचेची खोली सहसा बांधकाम नियमांतून सुटते. माणूस तिच्यात खुशाल उकडावा किंवा गोठावा, सरकारची हरकत नाही. तो सुखाने बसणार म्हटलं की निरीक्षक येतो. आमच्याकडेही आला. भिंतीच्या कडेला खड्डा खणवून पाया पाहिला, खिडक्यांच्या चौकटी नवं वजन पेलतील का ते तपासलं, आणि कपाळाला आठ्या घालून मंजुरी दिली. मग वासे, त्यांच्यामध्ये फोमचे जाड तक्ते, वर हलकी कौलं, खाली प्लास्टर.

खोली आता बारमाही झाली आहे, हे कबूल. शेजारच्या स्वयंपाकघरात मात्र भर दुपारी दिवा लागतो. पाऊस पडला तरी कळत नाही, म्हणून सासरे रात्रभर जागे. आणि सासूबाई छताखालचा नवा सोफा बघून एवढंच म्हणाल्या, "यावर काय वाळणार?"

दोन दिवसांत त्यांनी वाळवण कुंपणापलीकडे हलवलं. आजोबांचं छप्पर अजून पॉलीकार्बोनेटचंच आहे. परवा आमचाच विक्रेता त्यांच्याकडे गेला होता. आजोबांनी त्याला ओळीने मांडलेल्या कुरडया दाखवल्या, छप्पर बदलणार नसल्याचं सांगितलं, आणि जाताना पातळावर पाय पडू देऊ नकोस म्हणून बजावलं.