इंग्रजी क्रियापदांची ओळखपरेड: नवशिक्यांसाठी

साहित्य: एक वाक्य, एक पेन्सिल आणि घरात दहावीचं पोर असेल तर ते झोपलेलं. जागं असलं तर चुका काढतं.

सुरुवात सोप्याने करा. 'द डॉग बिट द टीचर.' कुत्रा चावला, काम झालं, 'बिट' हे ॲक्शन व्हर्ब. हातपाय हललेच पाहिजेत असं मात्र नाही. 'स्लीप'सुद्धा ॲक्शनच. आळशी माणसाचा एवढा मान व्याकरणाशिवाय कुणी ठेवत नाही.

आता हेल्पिंग व्हर्ब. शाळेत यांची 23 जणांची यादी पाढ्यासारखी म्हणून घेतात. जरूर पाठ करा, पण तिच्यावर विसंबू नका. 'शी इज टीचिंग'मधलं 'इज' मदतनीस आणि 'शी इज अ टीचर'मधलं 'इज' लिंकिंग, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं. चेहरा तोच, नोकरी वेगळी. हेल्पिंग व्हर्ब म्हणजे लग्नातला करवला, नवरदेवाशिवाय त्याला मांडवात कोण विचारतो? म्हणून मागून मुख्य क्रियापद येतंय का ते बघा. 'व्हॉट डू यू डू?' या चार शब्दांत पहिलं 'डू' करवला, दुसरं नवरदेव. 'द ग्लास वॉज ब्रोकन' आलं तर मात्र जपून. कुणी तरी ग्लास फोडला असेल तर 'वॉज' हेल्पिंग, तो आधीपासूनच फुटका असेल तर लिंकिंग. पेपर काढणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा अंदाज घ्या.

खरी गंमत स्वयंपाकघरात आहे. 'द सूप टेस्टेड सॉल्टी' आणि 'द कुक टेस्टेड द सूप.' दोन्हीकडे 'टेस्टेड' काढून 'वॉज' घाला. सूप खारट होतं, हे ठीक. म्हणजे तिथे लिंकिंग. दुसऱ्या वाक्यात मात्र आचाऱ्याचंच सूप झालं! असा नरभक्षणाचा प्रसंग उद्भवला की ॲक्शन व्हर्ब समजावं. 'लुक', 'फील', 'साउंड', 'ग्रो' यांनाही हीच परीक्षा द्या. 'स्मेल'शी विशेष सांभाळून. 'द डॉग स्मेल्स बॅड' असेल तर कुत्र्याला आंघोळ घाला. 'स्मेल्स बॅडली' असेल तर त्याच्या नाकाला औषध.

रेन आणि मार्टिनचं व्याकरणाचं जुनं पुस्तक घरात असेल तर लिंकिंग हे नाव त्यात हुडकत बसू नका. तिथे ही मंडळी 'व्हर्ब्ज ऑफ इन्कम्प्लीट प्रेडिकेशन' अशा भारदस्त नावाने वावरतात. यातल्या रेनसाहेबांनीच 1924 साली 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली. तीत सैनिक वाळवंटात हाल सोसतात. व्याकरणात ती सोय विद्यार्थ्यांसाठी केलेली आहे.

एवढं करूनही गोंधळ उडाला तर 'सीम' शोधा. ते कायम लिंकिंग. 'बिकम'ही बहुतेक तसंच, फक्त एखादी टोपी कुणाला शोभते असं जुन्या वळणाने म्हणायचं नसेल तर. परीक्षेत 'सीम' आलं तर तो मार्क सोडू नका.